गुरुवारचं पीठ

आमच्या घरी दर गुरुवारी जे थालीपीठ व्हायचं, ते दुसऱ्या कुठल्याही घरात होणं शक्य नव्हतं. ही फुशारकी नाही, साधी अडचण आहे. त्या थालीपिठाला शंभरेक घरांचं धान्य लागायचं. माझी भाची मला सारखी म्हणते, "मावशी, तुझ्या त्या थालीपिठाची रेसिपी लिहून दे ना." मी तिला सांगते, आधी एक गिरणी टाक, मग गल्लीतल्या शंभर घरांना तुझ्याकडे दळण टाकायला लाव, आणि मग गुरुवारची वाट बघ. ती हसते. तिला वाटतं मावशीचा नेहमीचा तिरकसपणा. आता तिला काय सांगू, की मी आयुष्यात इतकं सरळ फार कमी वेळा बोलले आहे.

स्वारगेटहून मार्केट यार्डाकडे जाताना डाव्या हाताला ज्या गल्ल्या लागतात, त्यांतल्या एका गल्लीत आमची पिठाची गिरणी होती. पुढे गिरणी, मागे आमच्या दोन खोल्या, आणि मध्ये एकच भिंत. सकाळी आठला अण्णा पट्टा चढवायचे आणि भिंत थरथरायला लागायची. फडताळातली भांडी दिवसभर बारीक किणकिणत असायची, त्याचं आम्हाला काही नसायचं. दुपारी एक वाजता जेवणापुरती गिरणी बंद झाली की मात्र मी दचकायचे. घरात सगळ्यांना मोठ्यांदा बोलायची सवय. नातेवाइकांकडे गेलो की कोणीतरी हमखास म्हणायचं, "जरा हळू, आम्ही बहिरे नाही." आणि पीठ तर सगळीकडे. रेडिओच्या जाळीत पीठ, माझ्या भूगोलाच्या पुस्तकात पीठ, आईच्या कुंकवावर पीठ. अण्णांच्या भुवया मूळच्या काळ्या आहेत हे मला गुरुवारीच दिसायचं. गिरणीच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती : 'धान्य निवडून आणावे. खडे दळून मिळणार नाहीत.'

बायका डबे आणून रांगेत ठेवायच्या. डब्यांवर ऑइलपेंटनं आडनावं लिहिलेली. अण्णा आधी गहू घ्यायचे, मग ज्वारी, बाजरी, मग डाळी, आणि सगळ्यात शेवटी भाजणी. कारण यंत्रात आधीच्या दळणाचं थोडं मागे राहतं आणि ते पुढच्याच्या पिठात उतरतं. बाजरीनंतर गहू दळले तर पोळ्या काळ्या होतात आणि पोळ्या काळ्या झाल्या की बाई दारात येऊन उभी राहते. प्रत्येक दळण संपलं की अण्णा लाकडी दांडक्यानं पीठ पडायच्या तोंडावर तीन ठोके द्यायचे. ठक, ठक, ठक. ज्याचं दळण त्याला शेवटची चिमूट मिळाली पाहिजे. ते तीन ठोके मोजत मोजत मी पाढे पाठ केले आहेत.

गुरुवारी आमच्या भागात दिवसभर वीज नसायची. त्या दिवशी अण्णा यंत्र उघडायचे. वरचा दगड उचलायचा, त्याच्या खाचा बुजल्या असल्या तर टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, पुन्हा खोल करायच्या, आणि आतल्या सगळ्या फटींत, कोपऱ्यांत आठवडाभर अडकून बसलेलं पीठ कुंचल्यानं काढून परातीत घ्यायचं. जमिनीवरचं नव्हे हो. जमिनीवर सांडलेलं वेगळं झाडून ठेवायचे, ते खळ करायला जायचं. हे आतलं पीठ स्वच्छ, कोरडं, दोन-अडीच किलो भरायचं. रंगानं करडं. त्यात गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, हरभरा, उडीद, भाजणी, काय नाही ते सगळं. आई ते चाळणीतून काढायची, त्यात कांदा, मिरची, कोथिंबीर घालून मळायची आणि लोखंडी तव्यावर थापायची. पाच भोकं, प्रत्येक भोकात तेल, वर झाकण. झाकणाखालची ती चर्र आवाजाची कुजबुज, आणि गिरणी बंद असल्यामुळे ती नीट ऐकू येतेय, हेच माझ्या लहानपणीचं सुख होतं. दुसरं काही आठवायचं म्हटलं तरी आठवत नाही.

पहिला घास घेताना अण्णा म्हणायचे, "ओळख."

मी डोळे मिटून चावायचे. "नाचणी आहे."

"मग?"

"कोणाकडे तरी बाळ खायला लागलंय."

"कोणाकडे?"

"कांबळेमामींच्या सुनेचं."

"बरोबर. पुढे?"

मेथ्या कडक लागल्या तर साठ्यांकडची भाजणी. ज्वारी गोडसर लागली तर कांबळेमामींच्या गावाहून पोतं आलंय. हुलगे लागले तर कोणाची तरी सासू मुक्कामाला आलीय. लाडवांचं बेसन म्हणजे लग्न. गल्लीत कोणाकडे काय चाललंय हे मला वर्तमानपत्रापेक्षा आधी जिभेवर कळायचं. अण्णा आईला म्हणायचे, "पोरीची जीभ माझ्यावर गेलीय." आई म्हणायची, "बोलण्याच्या बाबतीतसुद्धा." मी दोन्ही गोष्टींवर खूष असायचे.

नववीत असताना ते सगळं एका वाक्यात संपलं. माझ्या बाकावर मधुरा नावाची मुलगी बसायची. त्यांचं दळण आमच्याकडेच यायचं. एका शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी डबा उघडला, आदल्या दिवशीचं थालीपीठ होतं. मधुरा वाकून बघत म्हणाली, "आमच्या घरी काटा आणलाय. आईनं दळण आणल्यावर मोजलं. पाव किलो कमी आलं. आई म्हणते, गिरणीवाल्यांचं पोट कसं भरतं ते कळलं." मग बाकीच्यांकडे वळून म्हणाली, "ते बघा, आमचं पीठ." बाक दणाणून गेलं. एकीनं विचारलं, "ए, ह्यात आमचं कुठलं गं?" आणि मी, जिची जीभ अण्णांवर गेली होती, गप्प बसले. कारण मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटलं, मधुरा खरं बोलतेय. अडकलेलं पीठ लोकांचंच होतं की. मी इतकी वर्षं ओळखत होते, हे साठ्यांचं, हे कांबळ्यांचं. आमचं असं त्यात काय होतं?

पुढच्या गुरुवारी मी ताट सरकवलं. आई म्हणाली, "पोट बिघडलंय का?" मी म्हणाले, "मला लोकांच्या घरचं झाडून काढलेलं नको." शाळेतलं काही सांगितलं नाही. नुसतं तेवढं वाक्य टाकलं. अण्णा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील, निदान एक टोमणा तरी मारतील. ते म्हणाले, "बरं." आणि खायला लागले. त्यानंतर आई गुरुवारी माझ्यासाठी दोन पोळ्या वेगळ्या करायची, पांढऱ्याशुभ्र. अण्णा थालीपीठ खायचे आणि कोणालाही 'ओळख' म्हणायचे नाहीत.

त्या वयातल्या चुका माणूस स्वतःला फार पटकन माफ करतो असं म्हणतात. मला ते जमलेलं नाही. लहान होतीस, असं माझा नवरा म्हणतो. लहान होते हे खरंच आहे, पण पुढचं जे सांगणार आहे ते घडलं तेव्हा मी चांगली पंचविशीची घोडी होते.

मी कॉम्प्युटर शिकले. तेव्हा गल्लीबोळांत कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, आणि ज्याला त्याला अमेरिकेला जायचं होतं. मला नोकरी लागली, काचेच्या इमारतीत, गळ्यात ओळखपत्र. तिथं दिल्लीचे, चेन्नईचे, कुठकुठचे लोक. जेवताना डबे उघडले की मी बटाट्याची भाजी आणि पांढऱ्या पोळ्या पुढे करायचे. घरातल्या टीव्हीवर दोनाच्या पन्नास वाहिन्या झाल्या होत्या आणि त्यांवर एक हसरी बाई पिशवीतून पीठ ओतायची. त्या बाईच्या कुंकवावर पीठ नव्हतं. एकदा ऑफिसमधले चार जण म्हणाले, तुझ्या घरी जेवायला येतो. मला घाम फुटला. आमच्या दोन खोल्या, जिकडेतिकडे पीठ, आणि नेमका वार गुरुवार. मी आईला सांगून ठेवलं, थालीपीठ-बिलीपीठ काही नको, फुलके आणि पनीर. आणि फुलके पांढरे हवेत म्हणून ऑफिसमधून येताना तयार पिठाची पाच किलोची पिशवी विकत आणली.

गिरणीवाल्याच्या मुलीनं विकतचं पीठ आणलं. हे करायला वेगळीच अक्कल लागते, ती माझ्याकडे होती. बरं, ते मागच्या दारानं तरी न्यावं? मागचं दारच नव्हतं. बुधवारची संध्याकाळ, गिरणीत सहा-सात बायका डबे घेऊन उभ्या. मी पिशवी छातीशी धरून त्यांच्यामधून निघाले. मधुराची आई त्यांत होती. घरी काटा असूनही दळण आमच्याकडेच टाकायची, कारण जवळ दुसरी गिरणी नव्हती. तिनं पिशवीकडे बघितलं, मग अण्णांकडे. "अहो, तुमच्याच घरात पिशवीचं पीठ. मग आम्ही कशाला डबे वाहायचे?"

अण्णांनी दांडकं उचललं, तीन ठोके दिले, आणि शांतपणे म्हणाले, "नमुना मागवलाय. पीठ कसं नसावं ते दाखवायला." बायका हसल्या. मला त्यांनी वाचवलं. मी मान खाली घालून आत गेले आणि पिशवी फडताळात ठेवली. एवढं झाल्यावरही मला वाटत होतं की फुलके पांढरे होतील, हे महत्त्वाचं आहे.

दुसऱ्या दिवशी पाहुणे जेवले. फुलक्यांची स्तुती केली. अण्णा कोपऱ्यात बसून त्यांचं थालीपीठ खात होते. दिल्लीच्या मुलानं विचारलं, "अंकल अलग क्या खा रहे हैं?" मी पटकन म्हणाले, "उनको शुगर है. परहेज का खाना है." अण्णांना साखर-बिखर काही नव्हतं. शेवटपर्यंत झाली नाही. त्यांना हिंदी मात्र चांगलं कळायचं. मार्केट यार्डात धान्य घ्यायला जाऊन जाऊन ते हिंदीत भांडूसुद्धा शकायचे. ते त्या मुलाकडे बघून म्हणाले, "हां, परहेज है." आणि पाणी प्यायले.

दिवाळीनंतर मधुराच्या आईचा डबा यायचा बंद झाला. मग साठ्यांचा. माझ्या त्या पिशवीमुळे झालं असं मी म्हणत नाही. पिशव्या सगळ्या शहरातच येत होत्या, दुकानदार रचून ठेवत होते, बायका नोकऱ्यांना जात होत्या, कोणाला वेळ होता डबे वाहायला. जुनी घरं पडून उंच इमारती होत होत्या आणि त्यांतल्या लोकांकडे टेबलाखाली मावणारी घरघंटी आली होती. हे सगळं मला समजतं. तरी रांगेतून सगळ्यात आधी नाहीसा झालेला डबा कोणाचा, ते मला विसरता येत नाही. मी लग्न करून कोथरूडला गेले. नवऱ्याची तीच काचेची इमारत, फक्त वरचा मजला. दर रविवारी फोन करायचे. अण्णा विचारायचे, "जेवलीस का?" मी म्हणायचे, जेवले. मग फोन आईकडे जायचा.

मग एक दिवस ऑफिसच्या कॅंटीनमध्ये नवीन पदार्थ आला. मल्टिग्रेन रोटी. काचेवर कागद चिकटवला होता, सात धान्यांची नावं आणि त्यांचे फायदे. मुलं-मुली कौतुकानं घेत होती. मी एक तुकडा तोंडात टाकला, आणि काय झालं सांगता येत नाही, डोळे आपोआप मिटले. ज्वारी. नाचणी. थोडा सोयाबीन. मी चावत राहिले, शोधत राहिले. कोणाची ज्वारी? कोणाकडे बाळ आहे? काहीच कळेना. शेजारची मुलगी म्हणाली, "मॅम, आर यू ओके?" मी म्हणाले, तिखट लागलं. त्यात तिखट नव्हतंच.

दुसऱ्याच दिवशी गुरुवार होता. मी रजा टाकली आणि गिरणीवर गेले. दाराशी दुसऱ्या दिवशीच्या दळणाचे तीन डबे होते, तिन्ही गव्हाचे. आई म्हणाली, "आज कशी काय वाट चुकलीस?" मी म्हणाले, "आई, थालीपीठ कर. गुरुवारचं." आईनं अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, "काय आहे आता आत? नुसते गहू. आठवड्यातून एखादी ज्वारी. त्याचं होईल ते खळीसारखं." मी तशीच उभी राहिले, नववीतल्या मुलीसारखी, सरकवलेलं ताट परत मागत. पस्तिशी उलटलेली बाई! अण्णा म्हणाले, "पुढच्या गुरुवारी ये."

पुढच्या गुरुवारी गेले तर आई तवा तापवून बसली होती. परातीत करडं पीठ. मला इतका आनंद झाला की चपला काढायच्या राहिल्या. आईनं थापलं, पाच भोकं पाडली, झाकण ठेवलं. चर्र आवाज आला. ताट समोर आलं आणि इतक्या वर्षांनी अण्णा म्हणाले, "ओळख."

मी डोळे मिटले. "गहू. ज्वारी. बाजरी. नाचणी आहे. हरभरा. उडीद. धने, जिरे, मेथ्या."

"सगळं बरोबर. कोणाचं?"

मी पुन्हा घास घेतला. चव चांगली होती. खोटं कशाला बोलू, अगदी चांगली होती. पण ज्वारी कुठल्या गावची नव्हती आणि मेथ्या कोणाच्याच हातच्या नव्हत्या. गल्लीत काय चाललंय ते मला कळेना. "अण्णा," मी म्हणाले, "सगळं एकाच घरचं आहे."

"हं," अण्णा म्हणाले. "जीभ शाबूत आहे."

आईनं सांगितलं मग. अण्णा बसनं मार्केट यार्डात गेले होते. सगळी धान्यं थोडी थोडी घेऊन आले, त्या वयात पिशव्या दोन्ही हातांत. आणि बुधवारी एकेक धान्य पाळीपाळीनं यंत्रातून काढलं, मध्ये मध्ये ठोके देत, जणू वेगवेगळ्या घरांची दळणं आहेत. सकाळी यंत्र उघडून आतलं पीठ काढलं. "मी म्हटलं होतं त्यांना," आई म्हणाली, "हात माझाच आहे, तवा तोच आहे. घरं कुठून आणणार?"

मला रडू आलं. आणि त्या रडण्यात मी ते विचारलं, जे नववीत विचारायचं होतं. मधुराचं वाक्य त्यांना पहिल्यांदाच सांगितलं. "अण्णा, ते पीठ लोकांचंच होतं ना?"

अण्णांनी ताटातून मान वर केली. "शुक्रवारी सकाळी पहिलं दळण कोणाचं असायचं?"

"आपलं."

"का?"

मला नेहमी वाटायचं, मालकाचा मान. तसं म्हणाले.

"मान कसला? गुरुवारी यंत्र साफ केलं की आतल्या फटी रिकाम्या होतात. पहिल्या दळणातलं दोन-अडीच किलो त्या फटींत जाऊन बसतं, ते बाहेर येतच नाही. ते कोणाच्या माथी मारायचं? म्हणून आपले गहू आधी. फटी आपल्या पिठानं भरल्या की मग पुढच्याचं जेवढं अडकतं, तेवढंच मागचं सुटतं. आठवडाभर घरं आपापसांत बदलाबदली करतात. गुरुवारी निघतं ते वजनाला आपलंच. चवीला सगळ्यांचं." मग पुढचा घास मोडत म्हणाले, "त्या बाईंचं पाव किलो उडालं असेल. आपल्या भुवयांवर होतं ते."

"मला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस. थेट ताट सरकवलंस."

एवढंच. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. प्रत्येक शुक्रवारी शाळेत जाताना मी त्यांना आमचा डबा यंत्रात ओतताना बघितलं होतं. त्या शुक्रवारीसुद्धा, मधुरा बोलली त्याच सकाळी, बघूनच गेले होते. उत्तर माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी बाकावर मान खाली घालून बसले.

त्या दिवशी मी माहेरीच राहिले. शुक्रवारी सकाळी आठला अण्णांनी पट्टा चढवला, भिंत थरथरली, भांडी किणकिणली. मी गिरणीपुढच्या ओट्यावर येऊन बसले. दाराशी एकही डबा नव्हता. अण्णांनी आमचे गहू यंत्रात ओतले, शेवटचा दाणा जाईपर्यंत थांबले, दांडक्यानं तीन ठोके दिले आणि गिरणी बंद करून माझ्याशेजारी येऊन बसले. नऊ वाजले, दहा वाजले. समोरच्या दुकानात पिशव्यांचा टेंपो रिकामा झाला. आईनं दोनदा चहा दिला. मी म्हणाले, "येईल कोणीतरी." अण्णा म्हणाले, "बरं." संध्याकाळी सहाला त्यांनी पट्टा उतरवला. फटींत अडकलेलं आमचं पीठ सोडवायला त्या दिवशी कोणाचंही दळण आलं नाही.